जागृत पाय

माझ्या हाताला हात लागला की लोक म्हणतात, "अगंबाई, केवढा गार!" आणि मग गुपचूप आपला हात अंगावरच्या घोंगडीला पुसतात. पुसतात कशासाठी, ते मला आजवर कळलेलं नाही. गारवा काही चिकटत नाही.

माझे हात जांभळे आहेत, मनगटापासून खाली. पायही तसेच, घोट्यापासून खाली. नखं तर वांग्याच्या सालीसारखी. थंडी वाढली की रंग आणखी गडद होतो, ऊब मिळाली की मधूनच लालभडक होतात, आणि ऊब गेली की पुन्हा जांभळे. आमचं पेन्या ब्लांका गाव डोंगरात इतक्या उंचावर आहे की ढग आमच्या अंगणातूनच पुढे जातात, तेव्हा जांभळ्या दिवसांना इथे तोटा नाही. फारसं दुखत नाही. बोटांना मुंग्या येतात, कडा बधिर होतात, तळव्यांना उगाच घाम सुटतो. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फ्लोराल्बा, तुमचं रक्त टोकापर्यंत जायला कंटाळा करतं. जिवाला धोका नाही. हातमोजे घाला, रोज सकाळी कोमट पाण्यात पाय बुडवून बसा, आणि जमलं तर खाली उष्ण मुलखात राहायला जा." सांगायला काय जातंय? हातमोजे घालून पीठ मळून दाखवा म्हणावं.

गावाला डॉक्टरीणबाईंचं पटलं नाही. गावाने आपलं निदान आधीच करून ठेवलं होतं: मेलेल्या बाईचे हात. रविवारी चर्चमध्ये मिस्सात "तुला शांती असो" म्हणून शेजाऱ्याशी हात मिळवायची वेळ आली की माझ्या बाकावरच्या सगळ्यांना एकदम छतावरची चित्रं बघावीशी वाटतात. मला शांती मिळते ती मान हलवून. पलीकडच्या खोऱ्यातला एक बटाट्याचा व्यापारी एकदा मला बघायलाही आला होता. नाचताना त्याने माझा हात धरला आणि गाणं संपायच्या आत त्याला बैलांना पाणी पाजायचं आठवलं. त्याच्याकडे बैल नव्हते.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. आरेपांचं मात्र नेता आलं नाही.

आमच्या डोंगरातली आरेपा म्हणजे मक्याचं पीठ, लोणी, दूध, किंचित गूळ आणि पोटात ताजं पनीर. हातावर थापायची आणि निखाऱ्यावरच्या दगडी तव्यावर भाजायची. मला ती आईने शिकवली आणि माझी आईपेक्षा चांगली होते, हे आईनेच सांगितलं होतं. पण आमच्याकडचं गिऱ्हाईक आधी तवा बघत नाही, हात बघतं. मी चौकात बसले की लोक येत, निखाऱ्यावरचा वास घेत, तोंडाला पाणी सुटे, आणि मग नजर माझ्या बोटांवर जाई. "आत्ताच जेवलो" असं सकाळी सात वाजता सांगणारी माणसं मी पाहिली आहेत.

शेवटी एर्मेन्सियाबाई धावून आल्या. कारंज्याजवळ त्यांचं दुकान, गोल चेहरा, आणि हात असे गुलाबी, गुबगुबीत, ऊबदार, की बिशपसाहेबांनीसुद्धा हेवा करावा. त्या म्हणाल्या, "तू करायच्या, मी विकायच्या. तुझं नाव कशाला मध्ये? नाव आलं की हात आले."

तेव्हापासून रोज पहाटे एर्मेन्सियाबाई माझ्या मागच्या दाराने येतात. मी आरेपा थापून, भाजून ठेवलेल्या असतात आणि कोमट पाण्याच्या टबात पाय घालून बसलेली असते. त्या टोपली भरतात, माझ्या पायांकडे बघत गप्पा मारतात, पाय जांभळ्याचे लाल होईस्तोवर टोपली भरून होते. मग त्या दुकानात जाऊन निखाऱ्यावर त्या नुसत्या गरम करतात आणि सगळा गाव म्हणतो, "एर्मेन्सियाबाईंच्या हाताला काय चव आहे!" कोणी माझी आठवण काढलीच तर बाई क्रूसाची खूण करून म्हणतात, "बिचारी! पण मेलेल्या बाईच्या हातचं कोण खाणार?" खाणारे समोरच उभे असतात, तोंड भरलेलं असतं, म्हणून उत्तर देत नाहीत.

मला एकच गोष्ट हवी होती. चर्चच्या दाराशेजारचा कोपरा. चर्चच्या मालकीची जागा, वर छप्पर आहे, आणि मिस्सा संपला की बाहेर पडणारा प्रत्येक माणूस तिथून जातो. तिथे बसायचं, उजेडात थापायचं, आणि कोणीतरी माझ्या हातातून घेऊन खायचं. बस. राजवाडा नव्हते मागत.

गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यात माझा भाऊ काम्पो एलियास घरी आला. तो चर्चची घंटा, मेणबत्त्या आणि किल्ल्या सांभाळतो. आल्या आल्या म्हणाला, "फ्लोरा, मोजे काढ."

"का रे? वेड लागलं का?"

"फादरना पाय दाखवायचेत."

त्याच्यामागे खरंच फादर अर्नुल्फो उभे होते, टोपी हातात धरून, बघायला आलेल्या नवऱ्यामुलासारखे अवघडलेले. मी मोजे काढले. फादर खाली वाकले, बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांचे डोळे पाणावले. माझे पाय बघून कोणाच्या डोळ्यांत पाणी येण्याची ती पहिलीच वेळ.

"साक्षात क्रूसावरून उतरवलेले," ते म्हणाले.

त्यांची अडचण मला ठाऊक होती. गावाला ठाऊक होती. आमच्याकडे गुड फ्रायडेला येशूचं दुःखसहन माणसं करून दाखवतात, आणि शेवटी काचेच्या पेटीत मृत येशू ठेवतात. पेटीची पायाकडची बाजू उघडी असते. सगळा गाव रांगेने येतो, पाय धरतो, चुंबन घेतो, मनातलं मागतो. पूर्वी पेटीत लाकडी येशू असे. त्याला कीड लागली, आणि एका वर्षी एका भाविक बाईच्या ओठांबरोबर त्याचा अंगठाच निघून आला. मग नगराध्यक्षांचा भाचा येइसन, जो क्रूस वाहतो, त्यालाच पेटीत निजवायला लागले. मुलगा देखणा, केस वर्षभर वाढवलेले, पण त्याला गुदगुल्या फार. गेल्या साली एका म्हातारीच्या हनुवटीवरचे केस त्याच्या तळव्याला लागले आणि मृत येशू खिदळला. फादर म्हणाले, तो हुंदका होता. कोणाचा, ते विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

"शिवाय त्याचे पाय टोमॅटोसारखे लाल," काम्पो एलियास म्हणाला. "मेलेला वाटतच नाही. तुझे कसे, बघ."

"मी बाई आहे," मी म्हटलं.

"तोंडावर कापड असणार, अंगावर चादर," फादर म्हणाले. "दिसणार फक्त पाय. आणि पायांत काय, फ्लोराल्बा, बाई आणि बुवा?"

"कोणाला कळलं तर?"

"कळणार कसं? तुझे पाय गावात कोणी बघितलेत?"

ते खरं होतं. काम्पो एलियास आणि डॉक्टरीणबाई सोडल्या तर माझे पाय पाहिलेलं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला माझ्या घरी येणं कबूल करायची सोय नव्हती.

मी म्हटलं, "कोपरा पाहिजे. ईस्टरच्या सकाळपासून." फादरनी आढेवेढे घेतले, मग मोजे परत घालायला मी खाली वाकले, तेव्हा त्यांनी घाईघाईने हो म्हटलं.

त्या शुक्रवारी दुपारी येइसनने क्रूस वाहिला, तीनदा पडला, फार छान पडला. त्याला क्रूसावरून उतरवून मागच्या खोलीत नेलं. तिथे काम्पो एलियासने माझ्या पायांवर बिटाच्या रसाने खिळ्यांच्या जखमा काढल्या, मला चादरीत गुंडाळलं, तोंडावर कापड टाकलं. बाईच्या जन्माला येऊन येशू व्हायला मिळालं, तेही मेल्यावर. येइसन शेजारी बसून उकडलेले बटाटे खात होता. "हलू नका हं ताई," त्याने मला उपदेश केला.

पेटी खांद्यावर घेऊन गावभर मिरवली. डोंगरावरचा वारा उघड्या पायांना झोंबत होता. चर्चमध्ये आणून ठेवली तोवर पाय माझे मलाच जाणवत नव्हते. पहिली बाई पेटीपाशी आली आणि रडू लागली. "अरेरे, कसे काळेनिळे केले रे तुला!" मग दुसरी. मग पुरुष. जे बाकावर माझ्याशी हात मिळवत नव्हते ते सगळे ओळीने माझ्या पायांना ओठ लावत होते. कापडाखाली मला आधी हसू आलं. मग राहवेना, डोळे भरून आले. आयुष्यात मला इतकी माणसं शिवली नव्हती, आणि त्यातलं एकही मला शिवत नव्हतं.

मागणी ऐकायला मजा येत होती. कोणाला बटाट्याला भाव हवा होता, कोणाला बोगोटातल्या मुलाचा फोन, कोणाला नवऱ्याची बिअर सुटायला हवी होती. एका सद्गृहस्थाने शेजाऱ्याची गाय आटावी एवढीच नम्र विनंती केली. ओठ टेकवून माणसं पुढे सरकत. पाय गारच राहिले.

मग दोन ऊबदार हात आले. गुबगुबीत. ते माझ्या पायांना लागले नाहीत, त्यांनी माझे पाय कवटाळले, आणि शेजारी मेणबत्ती ठेवून बाई गुडघ्यावर बसल्या. पुटपुटण्यावरूनच ओळखलं मी.

"प्रभो," एर्मेन्सियाबाई म्हणाल्या, "ऐकलंय की फादर तिला कोपरा देणार आहेत. नको रे देऊ देऊस. ती उजेडात बसली की लोकांना चव ओळखायला कितीसा वेळ लागणार? तिचे हात आहेत तसेच राहू देत. निदान माझ्या घराचं छप्पर होईपर्यंत." त्यांनी माझे तळवे आणखी घट्ट धरले. "मी वाईट नाही. तिचंही भलं कर. पण मागच्या दाराने कर."

लोक म्हणतात ना, तळपायाची आग मस्तकात गेली? माझी मस्तकातून निघाली आणि तळपायात गेली. हलायचं नाही, बोलायचं नाही, उठून बाईंच्या झिंज्या धरायच्या नाहीत. सगळं रक्त खदखदत खाली निघालं. त्यात त्यांचे ते भट्टीसारखे हात, आणि ती मेणबत्ती. पायांत सुया टोचायला लागल्या. मला ती टोचणी ठाऊक आहे. मनात म्हटलं, मेले.

रांगेतली मागची बाई किंचाळली. "पाय! पाय बघा! रक्त आलं पायांत!"

एर्मेन्सियाबाईंचे हात माझ्या पायांवर जागच्या जागी थिजले. मग सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडल्या, "चमत्कार! माझ्या हातांत झाला! माझ्या या हातांत!"

पुढचं मी ऐकलं तेवढंच. बायका रडत होत्या, कोणीतरी घंटा वाजवायला धावलं, कोणी खाली कोसळलं. काम्पो एलियासने पडदा ओढला आणि पेटी मागच्या खोलीत ढकलत नेली. कापड काढलं तर समोर फादर उभे, पांढरेफटक.

"फ्लोराल्बा, काय केलंस हे?"

"राग आला, फादर."

"मेलेल्या माणसाने रागवायचं नसतं!"

बाहेर जाऊन खरं सांगावं, असं त्यांच्या मनात आलं असणार, कारण ते दोनदा दरवाज्यापर्यंत गेले. पण बाहेर लोक गुडघ्यावर होते आणि आत येशू म्हणून मी होते. ते परत येऊन खुर्चीत बसले. मी विचारलं, "कोपरा माझाच ना?" त्यांनी मान हलवली. मानेनेच, बाकीच्यांसारखी.

शनिवारी बायका येइसनच्या घरी गेल्या आणि त्यांनी त्याचे मोजे ओढून काढले. पाय गुलाबी, गरमागरम. "अजून ऊब आहे!" असा गलका झाला. येइसनने खरं सांगायला तोंड उघडलं होतं म्हणतात, पण तेवढ्यात कोणीतरी कोंबडी भेट आणली. मग त्याने ओसरीवर खुर्ची टाकून घेतली.

ईस्टरच्या पहाटे एर्मेन्सियाबाई नेहमीसारख्या मागच्या दाराने आल्या. "टोपली भर. आज दुप्पट लागतील. आसपासच्या गावांतून बस येतायत."

"आज टोपली नाही," मी म्हटलं. "आज मी कोपऱ्यात बसणार."

"अगं, लोक माझ्या हातच्या मागणार! या हातांच्या!"

"मग द्या ना तुमच्या हातच्या."

मी टबात पाय घालून बसले होते. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांची नजर पाण्यात गेली आणि तिथेच राहिली. पाय जांभळ्याचे लाल होत होते, रोजच्यासारखे. त्या रिकामी टोपली घेऊन गेल्या.

मी कोपऱ्यात चूल मांडली. सकाळ झकास होती, ऊन होतं, पण छपराखाली गारवा, आणि पनीर रात्रभर बाहेर ठेवलेलं, बर्फासारखं. हात मस्त जांभळे झाले. मिस्सा संपला आणि लोकांचा लोंढा बाहेर आला. वासाने थांबला. माझ्याकडे बघितलं. कारंज्याकडे वळला.

तिथे एर्मेन्सियाबाई भर चौकात आरेपा थापत होत्या. थापत कसल्या, झटापट करत होत्या. त्या पिठात लोणी असतं. गार हातात ते गप्प बसतं, ऊबदार हातात वितळून बोटांना चिकटतं. बाईंच्या हातांना पीठ असं लागलं होतं की हातमोजे घातल्यागत दिसत होतं. आरेपा फाटत होत्या, पनीर निखाऱ्यावर सांडून जळत होतं, धूर डोळ्यांत जात होता. लोक त्या जळक्या चिंध्या ओंजळीत घेऊन, डोळे मिटून खात होते. "वेगळीच चव आहे," एक गृहस्थ म्हणाले. "चमत्काराची." मी आयुष्यभर चांगल्या आरेपा केल्या, याचा मला त्या दिवशी पश्चात्ताप झाला.

दुपार झाली. माझ्याकडे थापून ठेवलेल्यांचा ढीग तसाच. एकही गेली नव्हती. शेवटी मला रडू यायला लागलं, उघड, सगळ्यांदेखत, आणि जांभळ्या हातांनी डोळे पुसता पुसता मी आवरायला घेतलं.

तेवढ्यात एर्मेन्सियाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. केस विस्कटलेले, कोपरापर्यंत पीठ, बोटं भाजलेली. त्यांच्यामागे पंधरा-वीस माणसं, त्या जातील तिथे येणारी.

"एक दे," त्या म्हणाल्या.

"कोणासाठी?"

"मला. पहाटेपासून उपाशी आहे. माझ्या मला गिळवत नाहीत."

मी तव्यावरून एक उचलून पुढे केली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, बोटाला बोट लागलं, आणि घोंगडीला पुसलं नाही. दोन घास खाल्ले. मग जवळ वाकून हळूच म्हणाल्या, "तू ऐकलंस ना सगळं?"

"तुम्हाला कधी कळलं?"

"लाल व्हायला लागले तेव्हाच. रोज बघते की टबात."

"मग चमत्कार म्हणून ओरडलात कशाला?"

"मग काय ओरडू? मागे सगळा गाव उभा!" त्यांनी तिसरा घास घेतला. डोळ्यांत पाणी होतं, धुराचं म्हणाल्या असत्या. "मी जे मागितलं ते... तू..."

"मी कुठे ऐकलं? देवाने ऐकलं."

"आणि?"

"देव नाही म्हणाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसावं की रडावं ते त्यांना ठरवता येईना. मग मागे वळल्या आणि चमत्काराच्या त्या हातात अर्धी आरेपा उंच धरून दुकानदारणीच्या आवाजात म्हणाल्या, "ही खाऊन बघा! ही खरी!" आणि मान खाली घालून कारंज्याकडे निघून गेल्या.

रांग लागली. लागायचीच. चमत्काराच्या बाईने खाल्ली म्हटल्यावर विष असतं तरी खपलं असतं. सगळ्यांत पुढे शहरातून बसने आलेली एक बाई होती, पांढरा कोट, दयाळू चेहरा. मी आरेपा तिच्या हातावर ठेवली तेव्हा ती दचकली.

"अगंबाई, हातांना काय झालं हो?"

"रक्त पोचत नाही टोकापर्यंत."

"आणि तुम्ही याच गावच्या? मग पुढच्या गुड फ्रायडेला येशूचे पाय धरा ना! इथला येशू फार जागृत आहे म्हणतात. तुमचे हात लगेच बरे होतील."

"धरले असते हो," मी म्हटलं, "पण माझे हात तिथवर पोचत नाहीत."

तिला माझी इतकी दया आली की तिने आणखी चार आरेपा घेतल्या. माझ्या हातातून.